सुटं वचन नको, अख्खा अध्याय वाचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. त्या आठवड्यात पुरातून निघालेली दोन कुटुंबं आमच्या घरी राहायला होती. वीज येऊन-जाऊन होती. मोबाईल जरा चार्ज झाला की त्यावर वचनं येऊन पडायची. सगळ्यात जास्त वेळा आलं ते ९१ वं स्तोत्र, तेही त्यातली मधली एक-दोन वचनंच. विश्वास ठेवणाऱ्याच्या घराला काही होणार नाही, अशा आशयाची. आमच्याकडं आलेल्या एका बाईंच्या घरात तेव्हा छातीभर पाणी होतं. त्यांनी ते वाचलं, मोबाईल पालथा ठेवला आणि मला विचारलं, "मग माझा विश्वास कमी पडला काय हो, ताई?"

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवूनही आलं नाही, आणि तेव्हापासून हे मनाला लागून राहिलं आहे.

उत्तर शास्त्रातच होतं. हे स्तोत्र १६ वचनांचं. मोबाईलवर येतात ती मधली. शेवटाकडं देव स्वतः बोलतो, आणि काय म्हणतो? संकटात मी त्याच्याजवळ असेन. म्हणजे संकट येणार, हे स्तोत्रानं धरूनच चाललंय. संकट आलं म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. आणखी पुढं जा. मत्तयाच्या आणि लूकच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि वर शास्त्राचा आधार देतो. कुठला? याच ९१ व्या स्तोत्राचा. येशू अनुवादाच्या पुस्तकातलं दुसरं वचन पुढं करून त्याला गप्प करतो. वचन खरं असतं, पण जागेवरून उपटलं की ते कुणाच्याही हातात जातं आणि कशालाही वापरता येतं. या दोन्ही जागा मला लहानपणापासून पाठ होत्या. शेजारी शेजारी ठेवून मात्र मी कधी वाचल्या नव्हत्या.

म्हणून बंधू-भगिनींनो, माझी एकच विनंती आहे. वचन पाठवण्याआधी त्याचा अख्खा अध्याय वाचा. मुलगा बारावीला बसला की आपण यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन कार्डावर लिहून देतो. जरूर द्या. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं कळवलं होतं की ७० वर्षं लागतील, तोवर तिथंच घरं बांधा, बागा लावा, त्या परक्या शहराचं भलं मागा. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगतो, आणि तो खोटा ठरतो. नापास झालेल्या पोराला हे पत्र पूर्ण वाचून दाखवलं तर त्याला धीर येईल. एकटं वचन त्याला फसवल्यासारखं वाटेल.

मंडळीतल्या जीवनाचंही तेच. करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय आपण लग्नात वाचतो, पत्रिकेवर छापतो. पौलानं तो लग्नासाठी लिहिलेला नाही. तो गटातटांत फाटलेल्या एका मंडळीला लिहिलाय. एकजण म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला एकत्र जमून श्रीमंत आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. आपल्याकडं कमिटीच्या निवडणुकीत जे चालतं ते आठवून हा अध्याय वाचा. निवडणुकीच्या आदल्या रविवारी तो उपासनेत मोठ्यानं वाचला जावा, असं मला मनापासून वाटतं.

वाचन आपल्याला परकं नाही. १८५२ साली मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथं शाळा काढल्या. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, वर्षानुवर्षं भाषांतर केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रियांनीच ते छापायचं काम केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. इतक्या कष्टानं आपल्या भाषेत आलेलं पुस्तक आपण फोडी करून वाटावं, याचं मला वाईट वाटतं.

आता कसं वाचायचं ते सांगते. मार्कापासून सुरुवात करा. सगळ्यात लहान शुभवर्तमान, १६ अध्याय. घरात एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. इंग्रजी शाळेतल्या नातवंडांना मराठी वाचता येत नसेल, पण ऐकून कळतं. त्यांना आजीजवळ बसवा. अडलं तर दुसरं भाषांतर उघडा. रमाबाईंचं बघा, वसईच्या फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' बघा. ते कॅथलिक, आपण प्रॉटेस्टंट, म्हणून बिचकू नका. वाचून झाल्यावर लगेच तात्पर्य काढायची घाई नको. काय कळलं नाही, तेवढं एका वहीत लिहा.

ती वही पाळकसाहेबांकडं न्या. पोरांनी प्रश्न विचारला की "विश्वास ठेव, जास्त विचार करू नको" असं आपण त्यांना गप्प करतो, आणि मग तरुण संघात खुर्च्या रिकाम्या का, म्हणून हळहळतो. प्रेषितांच्या कृत्यांत, १७ व्या अध्यायात, बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी रोज ताडून पाहत होते. लूकनं त्यांना मोठ्या मनाचे म्हटलंय, उद्धट नव्हे. पाळकसाहेब, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. दर रविवारी नवा विषय घेण्यापेक्षा एखादं पुस्तक क्रमानं घ्या. आम्ही घरून वाचून येऊ.

मार्काचा पहिला अध्याय ४५ वचनांचा आहे. मोठ्यानं वाचायला साताठ मिनिटं पुरतात. येत्या रविवारी जेवणं आटोपली की टीव्ही लावायच्या आधी वाचा. आणि शेजारी कुणी म्हातारी एकटी असेल, डोळ्यांनी दिसत नसेल, तर शनिवारीच निरोप देऊन ठेवा, म्हणजे कुणीतरी जाऊन तिला हाताला धरून घेऊन येईल.