आधी निर्धोक, मग निळा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बेकर्सफिल्ड नावाचे शहर आहे. उन्हाळा कडक असल्याने तिथल्या अनेक मध्यमवर्गीय घरांच्या मागच्या अंगणातही पोहण्याचा तलाव असतो. २००७ मध्ये गृहकर्जांचे हप्ते थकले, घरे रिकामी झाली, तलावांकडे लक्ष देणारे कोणी राहिले नाही आणि निळे पाणी हिरवे झाले. एका वस्तीच्या हवाई छायाचित्रात दिसणाऱ्या तलावांपैकी सुमारे १७ टक्के तलाव हिरवे होते. त्याच उन्हाळ्यात, डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाईल तापाचे रुग्ण त्या परगण्यात आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाले. संशोधकांनी या वाढीचा संबंध सोडून दिलेल्या तलावांशी जोडला. तलाव मालकाचा असला, तरी त्यातला डास साऱ्या गल्लीचा असतो.

लोणावळा, कर्जत, अलिबागकडचे बंद बंगले आणि शहरांतील सोसायट्यांचे बंद पडलेले तलाव पाहिले, की हे उदाहरण फार दूरचे वाटत नाही. इथेही अडचण बहुधा पैशांचीच असते. पंप जळालेला, फरशा निखळलेल्या, दुरुस्तीचा आकडा लाखांत. मग ‘पैसे जमले की बघू’ म्हणत दोन-तीन पावसाळे जातात. चूक इथेच होते. तलाव पोहण्याजोगा करणे खर्चिक आहे. तो निर्धोक करणे नाही. दुसऱ्या कामासाठी पहिल्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

पहिला खर्च कुंपणाचा. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. बुडालेले मूलही दिसत नाही. लहान मूल आरडाओरडा न करता काही मिनिटांत बुडते. चारही बाजूंनी किमान चार फुटांचे, चढता न येणारे कुंपण आणि कुलूपबंद फाटक हवे. नुसते प्लॅस्टिक अंथरणे हा उपाय नव्हे. त्यावर पावसाचे पाणी साचते आणि चुकून पाय पडलेले मूल त्यात गुरफटते.

दुसरे काम डासांचे. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. कुजक्या पाण्यात प्रामुख्याने क्युलेक्स डास वाढतो; विदर्भात हत्तीरोग पसरवणारा डास हाच. पालापाचोळा आणि शेवाळ जाळीने काढून पाण्यात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात आणि अनेक ठिकाणी हिवताप विभागाकडून मिळतात. मात्र मासे असताना क्लोरीन टाकू नये, ते मरतील. हे मासे ओढ्या-नदीतही सोडू नयेत. तिथल्या मूळ जीवांना ते त्रासदायक ठरतात. आठवड्यातून एकदा डबक्याने पाणी काढून अळ्या दिसतात का, ते पाहावे.

‘त्यापेक्षा तलाव रिकामाच करू’ हा विचार मोहात पाडतो. पण पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर आले, की रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाऊन तडकू शकते. शिवाय खोल बाजूला पुन्हा पाणी साचतेच. उपसा करायचाच असेल, तर उन्हाळ्यात आणि जाणकाराला विचारून करावा.

तिसरा टप्पा पोहण्याचा. तो पैसे असतील तेव्हाच. त्याआधी गाळणयंत्रणा चालू हवी, तळ स्पष्ट दिसायला हवा, मोकळे क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. ‘थोडेसेच हिरवे आहे’ म्हणून मुलांना उतरवू नये. क्लोरीन नसलेल्या कोमट पाण्यातील नेग्लेरिया हा अमिबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. हा आजार अतिशय दुर्मिळ, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक आहे. काटकसर म्हणून घरीच रसायने टाकणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही करू नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन प्रकारची क्लोरीन रसायनेही एकमेकांत मिसळू नयेत. पेट घेऊ शकतात. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये.

आणि तलाव पुन्हा वापरायचाच नसेल, तर तसे मान्य करावे. तळाला भोके पाडून, म्हणजे पाणी मुरेल अशी सोय करून, मुरूम-मातीने तो भरून टाकता येतो. त्यावर बाग होते. दरवर्षी पुढे ढकललेल्या दुरुस्तीपेक्षा हा निर्णय स्वस्त पडतो.

सोसायटीच्या सभेत सदस्य निधीवरून भांडत राहतात. डास ठराव मंजूर होण्याची वाट पाहत नाहीत. निळ्या पाण्याचे बजेट पुढच्या वर्षावर टाकता येईल. कुंपण, जाळी आणि मासे यांचे टाकता येणार नाही.