सुरतेच्या दानाची वास्तू आणि विजेचे बिल

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याकडे मान वर करून पाहणाऱ्यास त्यामागे सुरतेचा एक सुपुत्र उभा आहे, याची जाणीव असतेच असे नाही. १८३१ साली सुरतेत जन्मलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी या कामी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. १८६९ साली कोनशिला बसली. १८७८ साली ग्रंथालय व २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. तथापि लंडनमध्ये बसून त्यांनी मुंबईच्या उन्हाची जेवढी दखल घेतली, तेवढी आज येथेच राहणाऱ्या आमच्या कंत्राटदारांस घ्यावीशी वाटत नाही, हे नवल होय!

जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते. तापलेली हवा उंच छताखाली, माणसाच्या डोक्यावर खूप वर राहते. कमानींच्या ओवऱ्या ऊन दालनापर्यंत पोहोचू देत नाहीत. हा सारा गारवा विजेविना मिळतो. आणि ठिकठिकाणच्या जुन्या विद्यालयांत आधुनिकीकरण म्हणून होते काय? ओवऱ्या कपाटांनी बुजवावयाच्या, छताखाली दुसरे खोटे छत ठोकावयाचे, झरोके बंद करावयाचे आणि मग कोंडलेल्या खोलीस थंड करण्यासाठी भिंत फोडून यंत्र बसवावयाचे! आधी रोग निर्माण करून मग औषधाचे बिल भरण्यासारखेच हे आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. समुद्राच्या दमट वाऱ्याने कागदास बुरशी लागते; जुने ग्रंथ व हस्तलिखिते उघड्या खिडकीच्या भरवशावर टाकता येणार नाहीत. आम्हांसही ते मान्य आहे. पण म्हणून अवघी इमारत शीतगृह करावी काय? हस्तलिखितांची खोली तेवढी वेगळी राखावी, तेथे यंत्र अवश्य असावे. वाचनदालनास उघडी तावदाने, पंखे आणि एलईडी दिवे पुरेत. जेथे यंत्र अटळ, तेथे ते २४ अंशांवर ठेवावे. एक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राचा ऊर्जा दक्षता विभागच सांगतो.

२००७ ची ऊर्जा-संधारण इमारत संहिता मुख्यतः नव्या बांधकामांसाठी होती. जुन्या वास्तूंचा प्रश्न विश्वस्तांच्या विवेकावरच सोडलेला दिसतो. या ग्रंथालयाचा व मनोऱ्याचा जीर्णोद्धार २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या देणगीतून झाला, आणि २०१८ साली हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. अशा उतरत्या छपरावर सौर पॅनेल चढविण्याचा अट्टाहास कोणी धरू नये. त्याच विद्यापीठाच्या कलिना येथील नव्या इमारतींच्या सपाट गच्च्या त्यासाठी आहेत.

आमच्या सीमेवरील गावांतही दगडी भिंतींच्या, कौलारू छपरांच्या शाळा आहेत आणि त्यांच्या कार्यकारी मंडळांपुढे अशाच निविदा येतात. सही करण्यापूर्वी चालकांनी एवढे करावे: बुजविलेल्या खिडक्या एक उन्हाळा उघडून पाहाव्यात, भिंतीवर दहा-पाच रुपयांची नोंदवही टांगून रोजचे दुपारचे तापमान लिहावे, आणि मग कंत्राटदारास बोलवावे.