चाकावरचे पंख



पावसाळ्यात मडगार्ड नसलेल्या सायकलवरून शाळेत आलेला मुलगा कसा ओळखायचा? अगदी सोपं आहे. त्याच्या पाठीवर, कमरेपासून थेट मानेपर्यंत, चिखलाची एक उभी रेघ असते! आपल्या कोळगावकडून पालघरला किंवा बोईसरला सायकलने जाणाऱ्यांना ही रेघ चांगलीच ठाऊक आहे. घरी गेल्यावर आईची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

आपल्या सदरात आपण दर आठवड्याला एखादी वस्तू ‘उघडून’ बघतो. आज मडगार्डची पाळी. पण सायकलच्या नाही हं! आज आपण चक्क एका स्पोर्ट्स कारचे पुढचे मडगार्ड बदलणार आहोत. जुने काढायचे, नवे बसवायचे. कागदावरच, पण अगदी खऱ्या कारागिराच्या क्रमाने.

आधी नावाची गंमत ऐका. इंग्लंडमध्ये मोटारीच्या मडगार्डला ‘विंग’ म्हणतात. विंग म्हणजे पंख. जुन्या मोटारींची मडगार्ड चाकांवरून अशी बाकदार पसरलेली असत की पक्ष्याने पंख पसरल्यासारखं वाटे. अमेरिकेत त्यालाच ‘फेंडर’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्येही हाच शब्द ऐकू येतो. टीव्हीवर शर्यतीच्या गाड्यांना पुढे जी आडवी पट्टी दिसते तिलाही ‘विंग’च म्हणतात, पण तिचं काम वेगळं. वाऱ्याच्या जोरावर ती गाडीला रस्त्याकडे दाबून धरते. आपला आजचा पंख चाकावरचा, चिखल अडवणारा.

आता तुम्ही म्हणाल, “सर, स्पोर्ट्स कार आपल्याकडे कुठली?” थांबा. आपल्या महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ कार्लेखिंड आहे. तिथे ‘चिंकारा मोटर्स’ या छोट्याशा कारखान्याने ‘चिंकारा रोडस्टर’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनवली. इंजिन १.८ लिटरचं, इसुझूचं. चिंकारा म्हणजे आपल्या देशातलं एक चपळ, हलकंफुलकं हरीण. नाव किती शोभून दिसतं बघा! गोव्यातही १९९८ साली ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची छोटी उघडी गाडी आली होती.

चिंकाराचा तोंडवळा एका प्रसिद्ध इंग्रजी गाडीवरून घेतलेला आहे. तिचं नाव ‘लोटस सेव्हन’. कॉलिन चॅपमन या इंजिनिअरच्या कंपनीने ती १९५७ साली आणली. चॅपमनचा हिशेब साधा होता. इंजिन मोठं करत बसण्यापेक्षा गाडीचं वजनच कमी करावं. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर चटकन वळते. मग त्याने नको ते सगळं काढून टाकलं. डोक्यावर टप नाही, धड दारं नाहीत, पुढची चाकं तर अंगाबाहेर उघडीच. पण एक गोष्ट मात्र त्याने ठेवली. कोणती? बरोबर, मडगार्ड!

का बरं ठेवलं असेल? जरा गणित करू या. वहीत माझ्याबरोबर मांडा.

समजा चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. एका फेरीत ते सुमारे १८८ सेंटिमीटर पुढे जातं. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असला तर ती एका सेकंदात साधारण १६.७ मीटर जाते. म्हणजे चाकाच्या सेकंदाला जवळजवळ नऊ फेऱ्या! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत टायरला चिकटलेला खडा नऊ वेळा गरगर फिरतो.

आणखी एक नवल सांगतो. चालत्या गाडीच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी रस्त्याच्या मानाने स्थिर असतो, आणि चाकाच्या माथ्यावरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी ताशी ६०, तर चाकाचा माथा ताशी १२०! तिथून सुटलेला चिखलाचा गोळा गाडीच्या पुढे उडतो. हवेच्या अडथळ्याने त्याचा वेग कमी होतो, तोवर गाडी मागून येतेच. म्हणजे गाडी आपणच उडवलेला चिखल आपल्याच तोंडावर घेते. चिखल एकवेळ धुता येईल. पण खडा असेल तर? उघड्या गाडीत चालकाच्या डोळ्याचा प्रश्न आहे, आणि शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्याही. म्हणून बाकी सगळं काढलं तरी मडगार्ड काढता येत नाही.

अशा गाड्यांना मडगार्ड दोन तऱ्हांची असतात. पहिलं सायकलसारखं. ते चाकाच्या आतल्या बाजूच्या लोखंडी आधाराला जोडलेलं असतं. चाक वळलं की ते वळतं, चाक खड्ड्यात उडी मारतं तेव्हा तेही उडी मारतं. दुसरं लांब, पसरट, शिंपल्यासारखं. ते गाडीच्या अंगाला पक्कं असतं आणि चाक त्याच्याखाली वळतं, वरखाली होतं. पहिल्याला हादरे फार बसतात, दुसऱ्याला जागा फार लागते. दोघांची तपासणी म्हणूनच वेगवेगळी.

आणि ही मडगार्ड बनतात कशाची? बहुतेक फायबरग्लासची. फायबर तुम्ही रोज बघता. सातपाटीच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्या, तारापूरच्या कारखान्यांतल्या रसायनांच्या टाक्या, पडवीवरचे अर्धपारदर्शक पत्रे. काचेचे केसासारखे बारीक तंतू आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारा राळेसारखा चिकट द्रव, म्हणजे रेझिन, यांची ही जोडी. मोटारीचा पत्रा दाबून आकार द्यायला प्रचंड यंत्र आणि महागडे साचे लागतात. हजारो गाड्या विकणाऱ्यालाच ते परवडतं. फायबरला मात्र एक साचा, ब्रश आणि कसबी हात पुरतात. साच्यात आधी गुळगुळीत थर, मग काचतंतूंची चटई, तिच्यावर रेझिन, पुन्हा चटई. वाळलं की साच्यातून अलगद सोडवायचं. अमेरिकेतल्या ‘कॉर्व्हेट’ या गाडीचं सगळं अंग १९५३ सालीच फायबरग्लासचं बनवलं होतं.

फायबर गंजत नाही आणि पत्र्यापेक्षा हलकं पडतं. पण त्याचा एक स्वभाव आहे. पत्रा ठोकर बसली की पोचतो आणि ठोकून सरळ करता येतो. फायबर पोचत नाही, ते तडकतं. हा स्वभाव लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं काम त्याच्यावरच अवलंबून आहे.

चला, आता बाह्या सरसावा!

पहिलं काम जुनं मडगार्ड उतरवण्याचं. गाडी सपाट फरशीवर उभी करायची आणि चाकांना उटी लावायची. मडगार्डवर दिवा असेल तर बॅटरीची तार सोडून मग त्याच्या तारा काढायच्या. नटबोल्ट गंजलेले असतात. त्यांना गंज सोडवणारं तेल पाजून थोडा वेळ थांबायचं. हातोडी नाही! निघालेले नट, वॉशर एका डबीत, वर चिठ्ठी: ‘डावीकडचे’, ‘उजवीकडचे’. आणि जुनं मडगार्ड लगेच भंगारात द्यायचं नाही. तेच आपलं मापाचं पुस्तक आहे. भोकं कुठे होती, घासल्याच्या खुणा कुठे आहेत, हे सगळं ते सांगतं. टायर घासल्याची खूण असेल तर जुनं मडगार्डच चुकीच्या जागी होतं, म्हणजे ते माप तसंच उचलायचं नाही.

दुसरं काम नुसतं ठेवून बघण्याचं. फायबरची वस्तू हाताने घडते, त्यामुळे दोन नग शंभर टक्के सारखे नसतात. सायकलसारखं मडगार्ड बसवताना कारागीर एक युक्ती करतात. बागेला पाणी घालायच्या नळीचे सारख्या जाडीचे तुकडे टायरवर ठेवतात आणि त्यांवर मडगार्ड टेकवतात. झालं! टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट सगळीकडे सारखी. चिकटपट्टीने तात्पुरतं बांधायचं, मग दहा पावलं मागे जाऊन समोरून बघायचं. डावं-उजवं एका उंचीवर आहे ना? गाडीच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडचं अंतर टेपने मोजायचं. डोळा फसवतो, टेप फसवत नाही.

तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं, चाकाला पुरी जागा आहे का ते बघण्याचं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवायचं. शिंपल्यासारख्या मडगार्डच्या बाबतीत चाक पूर्ण वर उचललं गेलं तरी टेकत नाही, हेही तपासायचं. उभ्या गाडीत सगळं छान दिसतं, पण दोन माणसं बसून गाडी खड्ड्यात आदळली की चाक चांगलंच वर येतं. आत शाडूच्या मातीचे गोळे चिकटवायचे. गोळा चपटा झाला तर जागा किती उरली ते कळतं.

आणि आता चौथं काम, भोक पाडायचं. इथपर्यंत जे केलं ते सगळं परत करता येतं. भोक मात्र परत बुजत नाही! म्हणून आधी पेन्सिलची खूण, पुन्हा माप, मग दुसऱ्या माणसाकडून तपासणी आणि मगच ड्रिल. खुणेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे गुळगुळीत थराचे टवके उडत नाहीत. मागे लाकडाचा ठोकळा धरायचा. आधी बारीक भोक, मग मोठं, आणि तेही बोल्टपेक्षा किंचित सैल, कारण घट्ट भोकातून हादऱ्यांबरोबर चिरा पसरतात. नाकावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ही काचेची भुकटी आहे. अंगाला खाजते आणि श्वासातून आत गेली तर वाईट. काही कारागीर भोकंच पाडत नाहीत. मोटारीची पुढची काच जशी रबरासारख्या जोरदार चिकटद्रव्याने बसवतात, तसं मडगार्ड आधारावर चिकटवतात.

पाचवं काम रंगाचं. घासणं, प्रायमर, मग रंग. गाडीचा जुना रंग उन्हाने फिकट झालेला असतो, म्हणून डबीवरचं नाव न बघता गाडीवरचा रंग बघून छटा जुळवावी लागते.

शेवटी पक्की जोडणी. फायबर आणि लोखंड यांच्यामध्ये रबरी वॉशर, नटाखाली रुंद वॉशर. रुंद का? दाब जास्त जागेवर विभागला जावा म्हणून. वाळूत उंटाचे पसरट पाय रुततात का? तसंच! नट हादऱ्याने न सुटणारा, आत नायलॉनची कडी असलेला वापरायचा. आवळायचा बेताने. जोर दाखवला की कड्ऽऽ! फायबरचा स्वभाव आठवला ना? थोडे किलोमीटर गाडी चालवून आणली की सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्या मडगार्डचं कौतुक? तर ऐका. पुढच्या चाकानेच गाडी वळते. एक नट ढिला झाला, मडगार्ड चाकावर पडलं आणि टायरमध्ये अडकलं, तर वेगात चालकाच्या हातात काहीच राहत नाही. एका नटावर दोन माणसांचा जीव असतो. म्हणूनच हे काम गॅरेजमधल्या जाणत्या माणसाचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलांनी कधीही, अगदी चेंडू आणायलासुद्धा, जायचं नाही. आईबाबांनो, तुम्हीही फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खाली भक्कम स्टँड हवा.

पण सायकल तर आपली आहे! या रविवारी तीन गोष्टी बघा. एक, चाक हाताने हळू फिरवा. मडगार्ड आणि टायरमधली फट सगळीकडे सारखी आहे का? दोन, मडगार्डच्या काड्यांचे नट बोटांनी हलतात का? हलत असतील तर पाना घेऊन आवळा, पण बेताने. तीन, मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल काठीने काढा. तो ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. काम झालं की हात धुवा आणि धाकट्या भावंडाची सायकलही तशीच तपासून द्या.

आणि एक कोडं देऊन ठेवतो. मागच्या चाकाच्या मडगार्डखाली पुष्कळ ट्रकना रबराचा एक पडदा लोंबत असतो. तो कोणासाठी असतो, ट्रकवाल्यासाठी की आणखी कोणासाठी? विचार करा, घरी विचारा. उत्तर पुढच्या आठवड्यात!