देखाव्यात वारली कोठे आहे?

पालघर जिल्ह्यात ऐतिहासिक वेशभूषेची हौस मोठी आहे. कधी गणेशोत्सवातील जिवंत देखावा, कधी शिवजयंतीची मिरवणूक. चिमाजी अप्पा घोड्यावर बसतात, मावळे भाले उगारतात, फिरंगी पळ काढतो. 1739 च्या जानेवारीत तारापूरचा कोट घेताना बाजी भिवराव पडले आणि मे महिन्यात वसई आली, ह्या पराक्रमाच्या स्मरणास कोणाचाही विरोध असू नये. आमचा आक्षेप निराळा आहे. देखाव्यात सरदार असतात, पुरोहित असतात. त्यांची ओझी वाहणारे नसतात. वारली असतोच म्हणा, पण तारपा हाती देऊन पाहुण्यांच्या स्वागताला उभा केलेला.

जव्हारच्या जयविलास राजवाड्यात उद्या असा देखावा उभारला, तर काय दिसेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. दरबार भरेल, सुरतेच्या वाटेवर महाराजांना शिरपेच अर्पण झाल्याची परंपरा साकार होईल. मुकणे घराणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासींचेच. त्याचा अभिमान समजण्यासारखा आहे. परंतु राजा आपल्यातला असला म्हणून रयतेचे जिणे आपोआप रंगमंचावर येत नाही.

ते जिणे फार लांबचेही नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढावे आणि नवराबायकोने त्याच्याच घरी लग्नगडी म्हणून राबावे, ही रीत डहाणू-उंबरगावात 1945 पर्यंत उघड चालू होती. त्या वर्षी 23 मे रोजी झरीच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात, गोदावरी परुळेकर येणार असल्याची खोटी आवई उठवून जमवलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. ह्या लढ्याचा झेंडा किसान सभेचा होता, आपला नव्हता. म्हणून आपल्या कलापथकांनी तो टाळावा काय? हुतात्म्यांची वाटणी झेंड्याच्या रंगावरून करणाऱ्यांना सावकार मनोमन धन्यवादच देत असेल.

‘दुःखाचा तमाशा मांडू नये’ असे काही सज्जन म्हणतील. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतील विल्यम्सबर्ग हे वसाहतकालीन गाव 1926 पासून रॉकफेलरच्या पैशातून पुन्हा उभारले गेले. तेथे विगधारी सद्‌गृहस्थ आणि लोहार पाहुण्यांशी बोलत. जुन्या वस्तीतील निम्म्याहून अधिक माणसे काळे गुलाम होती, त्यांचा मात्र अनेक दशके पत्ताच नव्हता. अखेर 1994 मध्ये तेथे गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. तारीख, योगायोगाने, 10 ऑक्टोबर. काळ्या लोकांच्या संघटनेनेच निषेध केला: आमच्या पूर्वजांच्या यातना सहलीच्या करमणुकीला का? प्रयोग मात्र क्रिस्टी कोलमन ह्या काळ्या स्त्रीने उभा केला होता, विकली जाणारी गुलाम स्त्रीही तिनेच साकारली. तो पाहिल्यावर निषेधकांपैकी एका प्रमुखाने आपले मत बदलल्याचे जाहीर केले.

निर्णय कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न येथे कळीचा आहे. पुण्या-मुंबईच्या दिग्दर्शकाने वारल्याला लंगोटी नेसवून चाबूक खाण्यास उभे केले, तर तो आजच्या देखाव्याहूनही ओंगळ प्रकार होईल. तलवाड्याचा प्रयोग व्हावा की नाही, झाल्यास कोठे व कोणत्या बोलीत, हे त्या पाड्यांनी ठरवावे. आपण ढोलकी, कंदील आणि गाडीभाड्याची सोय पाहावी.

आणि तारापूरकरांनी आणखी एक विचार करावा. 1969 मध्ये सुरू झालेल्या अणुवीजकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तेथील घराघरांत ते दिवस पाहिलेली माणसे अद्याप आहेत. त्यांचे शब्द उतरवून घेण्यास ना घोडा लागतो, ना भाड्याची तलवार. बोईसरच्या कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्याआधी वही-पेन्सिल घेऊन त्या वसाहतींत बसावयास हरकत नाही.