दुसऱ्या वाढदिवसाच्या आत

घरातलं मूल दीड वर्षाचं झालं की कळवा-खारेगावच्या बऱ्याच घरांत एक हिशेब सुरू होतो. विमानात दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र खुर्चीचं तिकीट लागत नाही. मांडीवर बसवायचं आणि एक ठरावीक शुल्क भरायचं, की झालं. दोन वर्षं पूर्ण झाली की देशांतर्गत प्रवासाला त्याच मुलाचं भाडं मोठ्या माणसाच्या जवळपास जातं. मग ‘अजून फुकटात आहे तोवर एकदा विमानाने नेऊन आणू’ असं ठरतं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर तर ठाणे-बेलापूर रस्ता धरला की पोचलो, असं वाटून या घाईला आणखी बळ आलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या विमानप्रवासासाठी दीड ते दोन वर्षांचं वय सगळ्यांत वाईट, आणि नेमकं तेच वय आपण भाड्याच्या तक्त्याकडे बघून निवडतो. न्यायचंच असेल तर मूल चालायला लागण्याआधी न्यावं, नाहीतर सरळ दोन वर्षांनंतर, त्याच्या स्वतःच्या खुर्चीत.

मांडीवरच्या त्या तिकिटात मिळतं काय, ते आधी पाहू. पाच-सहा महिन्यांचं बाळ दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं की दोन तास निभतात. बावीस महिन्यांचं मूल दहा-बारा किलोचं असतं. नुकते पाय फुटलेले, ‘नाही’ म्हणायला शिकलेलं, आणि मांडी ही त्याच्या दृष्टीने फक्त खाली उतरण्याची जागा. स्वस्त विमानात खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं अंतर 28 ते 30 इंच असतं. त्या सापटीत आईच्या पट्ट्यात ओवलेल्या छोट्या पट्ट्याने हे मूल बांधायचं आणि पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत धरून ठेवायचं. पुढच्या खुर्चीचा ट्रे ते पाडणार, वर करणार, पुन्हा पाडणार, आणि पुढचा प्रवासी दोनदा वळून बघणार. देशांतर्गत मार्गांवरच्या छोट्या विमानांत पाळणा सहसा नसतो. तीन खुर्च्यांच्या ओळीवर जादा प्राणवायू मास्कही बहुधा एकच असतो, म्हणून दोन बहिणी आपापली तान्ही घेऊन शेजारी बसायचं म्हणाल्या तरी त्यांना वेगळं केलं जातं. शेजारची खुर्ची रिकामी मिळेल, ही आशा मात्र प्रत्येक आईबापाला असते. भरलेल्या विमानात तिला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कानांची. विमान उतरायला लागलं की आतला हवेचा दाब वाढत जातो. मधला कान आणि घसा यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे दाब चटकन समान होत नाही आणि कानात कळ येते. उपाय एकच, गिळणं. अंगावर पिणाऱ्या बाळाला उतरण सुरू होताच पाजायला घेतलं की काम होतं, आणि ही उतरण चाकं टेकण्याच्या वीस-तीस मिनिटं आधीच सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाला ‘घोट घोट पाणी पी, कान उघडतील’ असं सांगता येतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाने दूध अर्धवट सोडलेलं असतं, सांगितलेलं कळतं पण ऐकायचं नसतं, आणि बाटली पुढे केली की ते ती भिरकावतं. सर्दी झालेली असेल तर बघायलाच नको. विमानात मुलं ‘हट्टाने’ रडतात असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती दुखतं म्हणून रडत असतात.

सुरक्षिततेचा मुद्दा मी घाबरवण्यासाठी काढत नाही. विमान अपघात दुर्मीळ असतात, आणि कळव्याहून विमानतळापर्यंत मूल मांडीवर घेऊन केलेला टॅक्सीचा प्रवास हा उड्डाणापेक्षा जास्त धोक्याचा असतो. पण अमेरिकेत झालेला एक वाद आपल्या कामाचा आहे. 19 जुलै 1989 रोजी आयोवातल्या सू सिटीला युनायटेडचं विमान कोसळलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती. त्यांना जमिनीवर ठेवून धरा, अशी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सूचना झाली, आणि त्यांतलं एक मूल दगावलं. पुढच्याच वर्षी तिथल्या अपघात तपास मंडळाने लहान मुलांनाही स्वतंत्र, बांधता येणारी आसनं सक्तीची करावीत अशी शिफारस केली. हवाई वाहतूक प्रशासनाने ती मानली नाही. त्यांचा युक्तिवाद असा की तिकीट घ्यावं लागलं तर कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील. अमेरिकेपुरता तो बिनतोड आहे, पण इथे लागू पडत नाही. विमान रद्द केलेलं कळव्याचं कुटुंब हायवेवर गाडी काढेलच असं नाही, ते ठाणे स्टेशन गाठतं. आपला दुसरा पर्याय रेल्वे आहे. तिथे पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर भाडंच नाही, ते आईशेजारी आडवं होऊ शकतं आणि कंटाळलं की दारापर्यंत हिंडवून आणता येतं. सवलतीची खरी मुदत तिथे पाच वर्षांची आहे. आपण मात्र दोनचीच धरून बसतो.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खोटा नाही. चौघांच्या घरात एक जास्तीचं पूर्ण तिकीट म्हणजे बहुतेकांना दोनदा विचार करायला लावणारी रक्कम. पण मग प्रश्न असा विचारावा की ही फेरी विमानाचीच आहे का. सावंतवाडीला जावळासाठी जायचं असेल तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उड्डाण तासाभराचं, हे खरं. त्याच्या आधी विमानतळापर्यंतचा रस्ता, दोन तास आधी पोचणं आणि दोन रांगा, नंतर सामानाचा पट्टा आणि सावंतवाडीपर्यंतची टॅक्सी हेही धरा. रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली तर मूल झोपेतच गावाला लागतं. विदर्भाचंही तसंच. हावडा, गुवाहाटी किंवा परदेशातल्या मुलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसोबतचा प्रवास मात्र वेगळा. तिथे एक-दोन रात्री गाडीत काढण्यापेक्षा विमानच बरं, आणि तिथेच जास्तीच्या खुर्चीचे पैसे सार्थकी लागतात. ‘आमची पोरं मांडीवरच वाढली’ हा दुसरा आक्षेप. वाढली, खरंच. पण ती मांडी घरातली होती, पट्ट्याने खुर्चीला जखडलेली नव्हती.

तरीही कुणाला ही मुदत गाठायचीच असेल, तर परतीची तारीख नीट पाहावी. जाताना तेवीस महिन्यांचं असलेलं मूल परतेपर्यंत दोन वर्षांचं झालं, तर येतानाच्या प्रवासाला त्याची स्वतंत्र खुर्ची लागते, आणि जन्मदाखला काउंटरवर तपासला जातो. उलट खुर्ची घेतलेल्यांना एक आधार आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांशेजारीच जागा द्यावी, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना दिला आहे. त्यासाठी सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढावं. स्वस्त पडलं म्हणून बाबांचं वेगळं काढलं, तर ते मागच्या ओळीत बसतील आणि डब्यातला शिरा त्यांच्याच पिशवीत राहील.