मानधनाच्या पावतीवर शाखा उघडू नका

स्त्रियांच्या संस्था-संघटनांचे काम आता एका जिल्ह्यात, एका राज्यात मावत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मागोमाग आरोग्याचे काम कर्नाटकात जाते. नंदुरबारकडचे बचतगट गुजरातमधल्या गावांशी जोडले जातात. कोल्हापूर-सांगलीकडची एखादी संस्था बेळगाव-निपाणी भागात केंद्र उघडते. असे केंद्र उघडायचे ठरले की बैठकांत पुष्कळ चर्चा होते. गावे कोणती घ्यायची, भाषेचे काय करायचे, निधी कुठून आणायचा, तिथल्या संघटनांशी नाते कसे ठेवायचे. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा अगदी शेवटी येतो आणि 'ते हिशेबनीस बघतील' असे म्हणून बाजूला पडतो. तो प्रश्न असा : नव्या राज्यात ज्या बायका आपल्याकडे पगारावर काम करणार, त्यांच्या मालक म्हणून आपण तिथल्या सरकारकडे नोंदणी केव्हा करणार?

'मालक' हा शब्द आपल्याला टोचतो. आपण सगळ्या कार्यकर्त्या, सगळ्या समान, ही आपली भूमिका आहे आणि ती खोटी नाही. पण महिन्याच्या शेवटी एक जण पैसे देते आणि दुसरी ते घेऊन घर चालवते, तेव्हा त्या दोघींमध्ये मैत्रीखेरीज आणखी एक नाते असते. कायदा त्या नात्याला नाव देतो. आपण देत नाही. त्याऐवजी आपण 'मानधन' हा शब्द वापरतो. माझे मत स्पष्ट आहे. नव्या राज्यातला पहिला पगार वाटण्याआधी तिथल्या नोंदणीचे अर्ज गेलेले असले पाहिजेत. ते जमत नसेल तर शाखा एक महिना उशिरा उघडावी.

काय करावे लागते?

हे आधी सरळ मांडते, कारण माहिती नसली की भीती वाटते आणि भीतीपोटी टाळाटाळ होते.

पहिली गोष्ट व्यवसाय कराची, ज्याला सगळे 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणतात. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार हा कर राज्यांच्या अखत्यारीत येतो. एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त किती घ्यायचा याची मर्यादा घटनेनेच घातली आहे. ती २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. पण कर लावायचा की नाही आणि कोणत्या पगारापासून लावायचा, हे प्रत्येक राज्य आपले आपण ठरवते. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की कर सुरू होतो. स्त्रियांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत माफी आहे. कर्नाटकातही २०२३ पासून २५,००० च्या आत कर नाही, पण तिथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. गुजरातेत १२,००० च्या वर कोणालाही दरमहा २०० रुपये पडतात. गोव्यात हा करच नाही. म्हणजे १४,००० रुपये पगाराची कार्यकर्ती नंदुरबारच्या कार्यालयात बसली तर तिचा एक पैसाही कापायचा नाही. तीच सीमा ओलांडून गुजरातमधल्या केंद्रात नेमली गेली तर २०० रुपये कापून भरायचे. महाराष्ट्रातली नोंदणी तिथे चालत नाही. कर्मचारी जिथे काम करते, तिथल्या राज्याचा कायदा लागू होतो.

दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पी.एफ.ची. हा केंद्राचा विषय. ज्या आस्थापनेत वीस किंवा अधिक कर्मचारी आहेत तिला तो लागू होतो. इथे अनेक संस्था चुकीचा हिशेब करतात : कोल्हापुरात नऊ जणी, बेळगावला अकरा, म्हणजे दोन्हीकडे वीसच्या आत! पण १९५२ च्या कायद्यातच म्हटले होते, की शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असल्या तरी आस्थापना एकच मानायची. नऊ आणि अकरा मिळून वीस होतात. अनेकदा नव्या राज्यातली शाखाच संस्थेला या कायद्याच्या कक्षेत आणते.

तिसरी गोष्ट राज्य कामगार विम्याची, म्हणजे ई.एस.आय.ची. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी ही योजना आहे. मुख्य कार्यालयाचा क्रमांक असला तरी दुसऱ्या राज्यातल्या शाखेसाठी उपक्रमांक घ्यावा लागतो, म्हणजे तिथल्या बाईला तिथल्याच दवाखान्यात उपचार मिळतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. जुने वेगवेगळे कायदे या एका संहितेत आणले गेले आहेत. संहितेवर आपले आक्षेप आहेत आणि ते मांडत राहिले पाहिजेत. पण वीस आणि दहा हे आकडे तिथेही कायम आहेत. आणि संख्या त्याहून कमी असली तरी, संस्था आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असेल तर स्वेच्छेने या योजनांत जाता येते. 'आम्ही फक्त सात जणी आहोत' हे उत्तर त्यामुळे अपुरे पडते.

मानधन हा शब्द कोणाच्या सोयीचा?

माझ्या माहितीतल्या एक ताई एका संस्थेच्या सीमेपलीकडच्या केंद्रात नऊ वर्षे काम करत होत्या. गटांच्या बैठका, पोलिस ठाण्याच्या फेऱ्या, रात्री-बेरात्री आलेल्या बाईची सोय, सगळे त्यांनी केले. महिना आठ हजार रुपये मिळत, पावतीवर 'मानधन' असे लिहिलेले असे. प्रकल्प संपला, केंद्र बंद झाले. त्यांच्या हाती आले ते एक कौतुकाचे पत्र. दोन्हीकडचा पी.एफ. भरला गेला असता तर निवृत्तिवेतनाचा वाटा आणि व्याज सोडूनही सव्वा लाखाच्या वर रक्कम त्यांच्या खात्यात असती. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोकरी लागते; त्यातली नऊ नोंदली गेली असती आणि पुढच्या नोकरीत जोडता आली असती. आज ती नऊ वर्षे कोणत्याही सरकारी कागदावर नाहीत. 'आधी काय करत होता?' या प्रश्नाला त्यांच्याकडे पुरावा नाही.

मैत्रिणींनो, हाच मुद्दा आपण सरकारपुढे किती वर्षे मांडत आलो आहोत! १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडी सेविकेला सरकार 'मानधन' देते, कारण पगार म्हटला की हक्क आले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यांना मिळणारे मानधन हे वेतनच आहे. त्याआधी १९८५ साली विडी कामगारांच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते, की घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा पी.एफ.साठी कर्मचारीच आहे. निपाणी आणि सोलापूरच्या विडी कामगार बायकांना अशा निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. घरात बसून सूप मांडीवर घेऊन काम करणारी बाई जर कामगार, तर आपल्या केंद्रात रोज हजेरीपटावर सही करणारी बाई स्वयंसेविका कशी?

सरकारने अंगणवाडीताईंना जे केले म्हणून आपण मोर्चे काढले, तेच आपण आपल्या घरात करत असू, तर आपल्या मागणीत जोर कुठून येणार?

चार आक्षेप

पहिला आक्षेप पैशांचा. तो खरा आहे, म्हणून आकडेच मांडते. १२,००० रुपये पगाराच्या एका कार्यकर्तीमागे संस्थेला पी.एफ., त्यातला विमा आणि प्रशासकीय आकार मिळून साधारण १३ टक्के, म्हणजे १,५६० रुपये पडतात. ई.एस.आय.चे सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये. एकूण महिना १,९५०. दहा जणींचे वर्षाला २,३४,००० रुपये. ही रक्कम लहान नाही. पण ती निधीच्या अर्जात पहिल्या दिवशी लिहिली तर मागता येते. दोन वर्षांनी थकबाकी, व्याज आणि दंडासह समोर आली तर कोणी देत नाही. जीपचे भाडे आणि छपाईचा खर्च आपण न लाजता लिहितो. मग बाईच्या म्हातारपणाचा खर्च लिहायला संकोच का?

दुसरा आक्षेप : 'बायकांनाच हातात पूर्ण पैसे हवे असतात.' हवे असतातच. १२,००० मधून पी.एफ.चे १,४४० आणि विम्याचे ९० रुपये गेले की घरात चणचण भासते. पण हा प्रश्न विचारताना आपण तिला पूर्ण चित्र सांगतो का? ई.एस.आय.मध्ये बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा विमा महामंडळ देते. विमा नसेल तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेने ती स्वतःच्या तिजोरीतून द्यायची असते. लहान संस्थेला ते झेपत नाही आणि मग 'प्रकल्पाची मुदत संपली' असे कारण नेमके सातव्या महिन्यात सापडते. हे कारखान्यात घडले तर आपण त्यावर पत्रक काढतो.

तिसरा आक्षेप कर या शब्दालाच आहे. 'सरकारला कर कशाला गोळा करून द्यायचा?' असे काही तरुण कार्यकर्त्या विचारतात. त्यांना थोडा इतिहास सांगावासा वाटतो. महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात जी कामे निघाली, ज्यांतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, त्या कामांवर खडी फोडणाऱ्यांत आणि माती वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. शहरातल्या पगारदाराच्या पावतीतून कापलेले पैसे आणि सरकारची तेवढीच भर, अशी ती रचना होती. कराचा पैसा कुठे जातो याचा हिशेब जरूर मागावा. पण तो मागण्याचा अधिकार आपले नाव वहीत असण्यातून बळकट होतो.

चौथा आक्षेप कटकटीचा. अर्ज परक्या भाषेत, भाड्याच्या करारावर घरमालक सही देत नाही, पॅन-टॅनचे कागद मुख्य कार्यालयात. हे सगळे होते. पण परदेशी निधीची परवानगी आणि आयकर सवलतीचे कागद आपण मिळवतोच की! जी नोंदणी संस्थेला पैसा आणते ती आपण रात्र जागून करतो; जी कार्यकर्तीला हक्क देते ती मागे राहते. यात आपला अग्रक्रम दिसतो.

अर्ज भरताना

एक गोष्ट मात्र केवळ हिशेबनिसावर सोडू नये, ती म्हणजे बायकांची नावे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. नाव जुळले नाही की पी.एफ.चे खाते अडते आणि पैसे असूनही मिळत नाहीत. पहिल्याच महिन्यात प्रत्येकीचे कागद एकत्र बसून तपासले पाहिजेत.

दुसरे वारसाचे. परित्यक्ता बाई 'पतीचे नाव' या रकान्यापाशी थांबते. वर्षानुवर्षे न दिसलेला नवरा आपल्या कष्टाच्या पैशांचा धनी होणार का, हा तिचा प्रश्न असतो. १९५२ च्या पी.एफ. योजनेत यासाठी एक तरतूद केली गेली : सदस्य स्त्रीने लेखी कळवले की तिच्या 'कुटुंबा'तून नवऱ्याला वगळता येते. कोर्टाचा कागद मागितलेला नाही, तिची इच्छा पुरेशी आहे. ही गोष्ट किती संस्थांत कार्यकर्त्यांना सांगितली जाते?

तिसरे, पगाराची चिठ्ठी. ती प्रत्येकीला तिला वाचता येणाऱ्या भाषेत मिळावी आणि काय कापले, कुठे भरले, हे बैठकीत समजावून सांगावे. बेळगावकडच्या केंद्रात ती कन्नड आणि मराठी दोन्हीत असायला हरकत नाही.

आणि दहा जणी झाल्या की २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही त्या शाखेत हवी, मुख्य कार्यालयाची समिती पुरत नाही. तो कायदा तर स्वयंसेविकेलाही कर्मचारी मानतो.

माझी सूचना साधी आहे. दुसऱ्या राज्यात काम सुरू करण्याचा ठराव जेव्हा कार्यकारिणीत येईल, तेव्हा त्याच ठरावात तीन वाक्ये असावीत : व्यवसाय कर, पी.एफ. आणि ई.एस.आय. यांची स्थिती काय, जबाबदारी कोणाची आणि तारीख कोणती. ज्या संस्थांनी हे करून दाखवले आहे त्यांनी आपले अनुभव, आलेल्या अडचणी, घरमालकांपासून कचेऱ्यांपर्यंतच्या, याच पानांवर मांडाव्यात. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनीही लिहावे. विशेषतः मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी लिहावे, कारण या विषयावर आजवर त्यांना कोणी विचारलेलेच नाही.