एक शेअर आणि सत्तावीस वर्षांची हजेरी

आमच्या तेरखेड्याला लोक फटाक्यांचं गाव म्हणून ओळखतात. सोलापूर-धुळे महामार्गाने जाणारा माणूस दिवाळीआधी इथे गाडी थांबवतो, पिशवी भरतो आणि पुढे निघतो. गावातल्या कितीतरी घरांची चूल या शोभेच्या दारूवर पेटते, हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

परवा शाळेत एक पालक मुलाचा प्रवेश अर्ज भरत होता. व्यवसायाच्या रकान्यात त्याने 'मजुरी' लिहिलं. मी विचारलं, "कसली मजुरी?" तो म्हणाला, "सर, मजुरी म्हणजे मजुरी. ऱ्हाऊ द्या तसंच." त्या एका शब्दाने मला वीस वर्षं मागे, सोलापूरला नेलं.

मी तिथे बी.एड. करत होतो. सराव पाठांसाठी गिरणीभागातली एक शाळा मिळाली होती. एका दुपारी कारकुनांना जुनी रजिस्टरं कपाटात लावायला मदत केली. पालकाच्या व्यवसायापुढे पानामागून पान एकच नोंद : गिरणी कामगार. नव्वदच्या दशकातली रजिस्टरं हातात आली आणि नोंद बदलली. मजुरी. हमाली. हातगाडी. आईच्या नावापुढे विडी कामगार. त्यानंतरची रजिस्टरं जाडीलाच कमी होती. गिरणीची चिमणी पडलेली लोकांना दिसते. वस्ती रिकामी होते ती आधी अशी, शाळेच्या रजिस्टरात.

हे शहर कष्टकऱ्यांच्या जिवावर उभं राहिलं. १८६० च्या सुमारास रेल्वे आली. १८७७ मध्ये, दख्खनच्या मोठ्या दुष्काळात, सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी निघाली. तीच पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून लिंगायत आले, मोमीन विणकर आले. आमच्या निजामी मुलखातूनही लोक जात. माझे दादामियाँ पायी सरहद्द ओलांडून बार्शीला पोहोचायचे, तिथून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि पुढे मोठ्या गाडीने सोलापूर. एकाच चाळीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि आमची दखनी ऐकू यायची. १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत होते. एका भोंग्यावर उठणाऱ्या शहराचे ते हुतात्मे होते.

आज कुणालाही विचारा, गिरण्या का बुडाल्या? उत्तर ठरलेलं असतं : "कामगारांनी संप करून बुडवल्या." मला हे पटत नाही. जुन्या गिरणीचंच बघा. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने ती बंद केली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून ताबा घेतला. त्यात कारण स्पष्ट नमूद होतं : गैरव्यवस्थापन आणि हेळसांड. त्यामुळे उत्पादन घटलं आणि लोक बेकार झाले, असंही त्यात म्हटलं होतं. नंतरच्या काळात जुनाट यंत्रं आणि यंत्रमागाची स्पर्धा ही कारणं जोडली गेली. दोष वाटायचाच असेल, तर सगळा कामगारांच्या पदरात टाकता येणार नाही.

या वटहुकुमाविरुद्ध चरणजितलाल चौधरी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनी स्वतःच्या नावावर दाखवला होता कंपनीचा एक साधा शेअर. एक! देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींनी त्यांचं म्हणणं ऐकलं. ते हरले. पण १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात तोच कायदा टिकला नाही. मोबदला न देता मालमत्ता हिरावली, असं न्यायालयाने मानलं.

भागधारकाने दाद मागितली, यात काही गैर नाही. पण ज्याने साच्यावर उभं राहून आयुष्य काढलं, त्याची त्या गिरणीतली मालमत्ता कोणती? कंपनी गुंडाळताना कामगारांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे, असा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १९८२ मध्ये. एका शेअरला १९५० मध्येच जे मिळालं, ते हजारो हातांना मिळायला आणखी बत्तीस वर्षं लागली.

माझे चाचा सोलापूरच्या एका गिरणीत सत्तावीस वर्षं साचेखात्यात होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, तेव्हा पितळी बिल्ला तेवढा घेऊन घरी आले. तरी त्यांचं नाव हजेरीपटावर होतं. भविष्यनिर्वाह निधीचं खातं होतं, ग्रॅच्युइटीचा हक्क होता. पैसे तुकड्यातुकड्याने, हेलपाटे मारून मिळाले, पण मिळाले. त्यातून बहिणीचं लग्न झालं. मग ते तेरखेड्याला परतले आणि शेवटची वर्षं फटाक्यांच्या वाती कापण्यात घालवली. तिथे ना बिल्ला होता, ना हजेरीपट. "गिरणीनं निदान लिहून तरी ठेवलं होतं," असं ते म्हणायचे.

सोलापुरासारखाच आमचा गावही एका धंद्यावर उभा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांवर निर्बंध घातले. ते हवेसाठी, आपल्याच मुलांच्या फुप्फुसांसाठी होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा धंदा आज आहे तसा कायम राहणार नाही, हे त्यातून कळायला हवं. शिवाय हे काम जिवावरचं आहे. स्फोट झाला की पहिला प्रश्न येतो : माणूस कामावर होता याचा पुरावा काय?

घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. त्या मजुरीत नोंदही धरली पाहिजे. कारखानदारांत आपलेही लोक आहेत. हे त्यांनाच सांगतो आहे. कामगाराचं नाव हजेरीपटावर लिहा, विमा उतरवा. आणि पालकांनो, मुलाला याच शेडमध्ये ढकलू नका. त्याच्या हाती दुसरंही एखादं कसब राहू द्या.

माझ्या हातात आहे तेवढं मी केलं. त्या पालकाला बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा विचारलं. तो जरा घुटमळला, मग बोलला. आता त्या रकान्यात 'फटाका कामगार' असं लिहिलेलं आहे.